पावमिली आणि मोठी पट्टी

ओतशाळेच्या हजेरीपुस्तकात तिचं खरं नाव होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी ती पावमिली. कामावर लागून दुसराच आठवडा होता, वय एकोणीस, आणि वयानं दुप्पट असलेल्या मिस्त्र्यानं केलेला लाकडी नमुना तिनं त्याच्याच हातात परत ठेवला होता. पाव मिलिमीटर कमी आहे, एवढंच म्हणाली. मिस्त्री हसला, मग त्यानं मापून पाहिलं, मग हसायचा थांबला. चिडवायला ठेवलेलं हे नाव तिनं पुढे असं काही मिरवलं की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

काम काय, तर लोखंडाची पुली ओतायची असो की पाण्याच्या झडपेचं चाक, आधी ती वस्तू जशीच्या तशी लाकडात घडवायची. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद उचलून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुने पावमिली करायची. वाळूत दाबायचं काम तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं. बहीण लाकडात, भाऊ वाळूत, मध्ये एक पत्र्याची भिंत. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं कौतुक केल्याचं कोणी ऐकलं नाही. नमुना वाळूतून सुटत नाही म्हणून त्यानं भिंतीपलीकडून ओरडायचं आणि नमुना सुटतो, तुझे हातच सुटत नाहीत, असं तिनं उलट ओरडायचं, ही त्यांची माया.

मग संगणकावर नमुने कापणारं यंत्र आलं आणि लाकडाचा विभाग बंद झाला. बाकीच्यांनी उसासे टाकले, ही साहेबांशी जाऊन भांडली. भांडून काही हाती लागणार नाही हे तिलाही कळत होतं, पण न भांडता बाहेर पडणं तिच्या जिवावर आलं. जाताना तिनं भंगारात निघालेले जुने सागवानी नमुने मागून घेतले आणि घराच्या पुढच्या खोलीत कामाचं टेबल मांडलं. कोणाची मोडकी खुर्ची, कोणाचा अडकणारा ड्रॉवर. नवरा बिचारा त्या खोलीतून अंग चोरून जायला शिकला.

दादा निवृत्त झाला तो डोळे अधू होऊनच. भट्टीमुळे की वयामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. समोरचं मधलं दिसत नसे, कडेकडेचं दिसे. माणूस बोलायला समोर आला की तोंडाच्या जागी धुकं आणि कान मात्र स्पष्ट. तोंडं बघण्यासारखी राहिलीत कुठे, असं म्हणून त्यानं तो विषय मिटवला होता. वहिनी गेल्यावर दोन गल्ल्या पलीकडच्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा. खिडकीची कडी, स्टोव्हची चावी, चहाचा डबा, सगळं त्याच्या हाताला पाठ होतं. पाठ नव्हता तो फक्त फोन.

त्याच्या मुलानं, म्हणजे पावमिलीच्या भाच्यानं, मोठ्या काचेचा छान फोन पाठवला होता. भाचा लांबच्या शहरात बाविसाव्या मजल्यावर राहायचा आणि वडिलांची काळजी वस्तू पाठवून करायचा. एके दिवशी दुपारी दादा मोरीत घसरून पडला. हाडबीड काही मोडलं नाही, पण उठता येईना. फोन खिशातच होता. दोन तास तो त्या काचेवर बोटं फिरवत बसला. काचेला उलट नाही, सुलट नाही, कडा नाहीत. बोटाला कळणार काय? शेवटी खालच्या मजल्यावरची शेजारीण पाणी का वाहतंय ते बघायला वर आली. नंतर पाहिलं तर फोनमध्ये मोरीच्या छताचे सतरा फोटो निघाले.

दादा त्यावर हसला. भाचा हसला नाही. महिनाअखेरच्या रविवारी येतो आणि बाबांना कायमचं घेऊन जातो, असं त्यानं आत्याला कळवून टाकलं. दादानं यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण ते कोणी मोजत नव्हतं. पावमिलीनं मनातल्या मनात दादाला त्या बाविसाव्या मजल्यावर उभं करून पाहिलं. जिथे एकही कडी त्याच्या हातची नाही, तिथे तो दिवसभर एका खुर्चीत बसून राहील आणि सहा महिन्यांत खुर्चीसारखाच होईल.

"त्यांना गरजेला एक फोन लावता येत नाही, आत्या," भाचा फोनवर म्हणाला.

"लावता आला तर राहू देशील?"

"लावता आला तर राहू देत की."

त्यानं विषय संपवायला म्हणून म्हटलं असावं. तिनं ते कामाची ऑर्डर घ्यावी तसं घेतलं.

चार आठवडे होते. पहिला आठवडा नाक्यावरच्या मोबाईलवाल्याच्या दुकानात गेला. तिशीचा, जाड चष्म्याचा, बोलघेवडा माणूस. दुकान एवढं अरुंद की त्याला वळायचं झालं तर गिऱ्हाइकानं बाहेर जावं लागे. त्यानं बटणांचा साधा फोन काढून दिला. दादाची बोटं जन्मभर वाळू ठोकून आणि चटके खाऊन जाड झालेली. एक दाबलं की तीन दाबली जात. मग तोंडी हुकूम ऐकणारा फोन आला. दादाचा घसा भट्टीपाशी ओरडून केव्हाच बसला होता. यंत्र दर खेपेला पुन्हा सांगा म्हणे, आणि दादा काही पुन्हा सांगणाऱ्यांतला नव्हता.

वैतागून पावमिली घरी आली आणि एक जुना नमुना दादाकडे घेऊन गेली. का नेला, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. तिनं तो मुकाट्यानं त्याच्या मांडीवर ठेवला. दादाच्या बोटांनी एक फेरी मारली.

"झडपेचं चाक," तो म्हणाला. "धाकट्या झडपेचं. याची एक आरी तू जाड ठेवली होतीस."

"नव्हती ठेवली."

"होती. ही बघ."

तिनं बोट लावून पाहिलं. होती. एरवी तिनं दिवसभर वाद घातला असता. त्या दिवशी ती दादाच्या हातांकडे बघत बसली. सागवानाच्या रेषेनं बोट गेलं की सरळ जात होतं, आडवं गेलं की किंचित अडत होतं, आणि तेवढ्यावर त्याला वर कुठलं नि खाली कुठलं हे कळत होतं. काच पाहून वापरायची वस्तू होती. लाकूड धरून वापरायचं. इतकं साधं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईलवाल्यासमोर कागद ठेवला. लाकडाची पेटी, मोरीच्या दारापाशी बुटक्या टेबलाला घट्ट बसवलेली, पडल्यावर सरकत जाऊनही हात पुरेल अशी. वर पाच गोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक लाकडी गुंडी. गुंडी उजवीकडे टक् होईपर्यंत फिरवली की त्या माणसाला फोन लागायचा, पेटीतूनच बोलायचं आणि ऐकायचं, डावीकडे फिरवली की बंद. आतलं तुमचं, बाहेरचं माझं. मोबाईलवाल्यानं चष्मा वर सरकवला. म्हणाला, आतलं जमेल मावशी, पण बाहेरचं प्लास्टिकचं छापून घेऊ की. वरून लाकडाचा कागद चिकटवला की अगदी लाकडासारखं दिसतं. 'सारखं' हा शब्द लाकडाच्या विभागात शिवीच्या खालोखाल होता. पावमिलीनं त्याला एवढंच सांगितलं की ज्याच्यासाठी करायचंय त्याला दिसत नाही, आणि त्याच्या हाताला फसवता येत नाही.

गुंड्यांचे आकार दादाशी भांडून ठरले. स्वतःसाठी तिनं पुली घेतली. डॉक्टरांना झडपेचं चाक, शेजारणीला घंटा, मोबाईलवाल्याला ओझं उचलायचा आकडा. यंत्र बिघडलं तर मला लावा, असं मोबाईलवाला म्हणाला होता. बिघडलेल्या यंत्रावरून कसा लावायचा, हे तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. राहिला भाचा.

"त्याला कशाला गुंडी?" दादा म्हणाला. "तो उचलतो कुठे?"

हे खरं होतं. कामात आहे, नंतर करतो, असा निरोप यायचा आणि ते नंतर काही येत नसे. पण भाच्याशिवाय पेटी करून भाच्याला कसली दाखवायची? ती हटून बसली, तेव्हा दादा म्हणाला, मग दातेरी चाक कर, हाताला जरा टोचलं पाहिजे.

नमुन्यांचं चाळीस वर्षं मुरलेलं सागवान तिनं कापायला घेतलं आणि पाच दिवसांत पेटी उभी केली. दोन दांड्यांमध्ये पंचेचाळीस मिलिमीटर, असं मोबाईलवाल्यानं लिहून दिलं होतं. आतल्या फळीवर त्याचे पाच स्विच होते आणि प्रत्येकाची दांडी झाकणाच्या भोकातून वर यायची होती. पेटी घेऊन ती रुबाबात दुकानात गेली. पहिली दांडी बरोबर आली. दुसरी जरा घासून आली. तिसरीपाशी घोडं अडलं, आणि पाचवी तर भोकाच्या चक्क बाजूला उभी राहिली, जवळजवळ दोन मिलिमीटर.

मोबाईलवाल्यानं दोन मिलिमीटर म्हटल्यावर तिनं त्यालाच खोटं ठरवलं. तुझा स्विच वाकडा, तुझी पट्टी खोटी. शेवटी तिनं पिशवीतून आपली मापाची पोलादी पट्टी काढली आणि त्याच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींचं शून्य जुळवलं. तो वाकून बघायला लागला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"मावशी, तुमचा मिलिमीटर आमच्यापेक्षा मोठा आहे."

ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, शंभराला एक असं. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशोब नको म्हणून लाकडाच्या विभागात पट्टीच मोठी असे: आकडे नेहमीचे, पण प्रत्येक मिलिमीटर किंचित ताणलेला. चौतीस वर्षं तिच्या हातात तीच पट्टी. साधी पट्टी खोटी आणि ही खरी, असं तिच्या हाडात मुरलेलं. दादाची पेटी तिनं लोखंडात ओतायच्या बेतानं मापली होती. पाव मिलिमीटरसाठी मिस्त्र्याचं हसू थांबवणारी पावमिली दोन मिलिमीटरनं चुकली, आणि तेही एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्यासमोर.

ती पेटी उचलून निघाली. वाटेत साधी पट्टी विकत घेतली.

दुसरी पेटी बिनचूक झाली. पाचही दांड्या आल्या. तिनं रीतसर घासून वार्निशचे तीन हात दिले आणि दादापुढे ठेवली. त्यानं हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. ही काचच झाली, म्हणाला, आत लाकूड आहे एवढंच. बोट फिरवल्यावर तिलाही ते मान्य करावं लागलं. रेष गेली होती. सगळे आकार एकाच गिळगिळीत सालीखाली गेले होते. घरी येऊन तिनं दीड दिवस बसून सगळं वार्निश खरवडून काढलं. नवऱ्यानं एकदाच विचारलं, परवा लावलेलंच काढतेस का. तिच्या नजरेकडे पाहून तो आपणहून चहा करायला गेला.

उघडं सागवान दादाला पसंत पडलं. तिसऱ्या आठवड्याअखेर त्यानं पहिल्यांदा पुली फिरवली. दोन गल्ल्या पलीकडे तिचा फोन वाजला. ऐकू येतंय का, म्हणाला आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून दिला. तिला इतका आनंद झाला की तिनं नवऱ्यालाच फोन लावला आणि काही न सांगता ठेवला.

आणि नेमकी इथे माशी शिंकली. हवा चार दिवस दमट झाली, भिंतींना ओल आली, आणि गुंड्या अडकल्या. पुली फिरेना, घंटा फिरेना. दादानं जोर लावला तेव्हा आकडा तुटून हातात आला. उघडं लाकूड हवेतलं पाणी पितं आणि आडव्या रेषेत फुगतं, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. म्हणून तर सगळे वार्निश लावतात. वार्निश लावलं तर दादाचा हात आंधळा, नाही लावलं तर गुंडी मुकी. रविवार तीन दिवसांवर आला होता. दादा म्हणाला, जाऊ दे गं, जातो मी त्याच्याकडे, किती मरशील. आजवर तो तिला असं कधी म्हणाला नव्हता. ते ऐकून ती जास्तच घाबरली.

"तुला कोण विचारतंय?" ती म्हणाली आणि झाकण उचकटून घरी घेऊन आली.

टेबलावर दोन्ही पट्ट्या पडल्या होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नवं झाकण घेतलं. भोकांच्या जागा साध्या पट्टीनं आखल्या. गुंड्याही नव्या केल्या, साध्या पट्टीनं. खळगे मात्र मोठ्या पट्टीनं कापले. गुंडी चाळीसची आणि खळगाही चाळीसचाच, पण ताणलेल्या चाळीसचा. जवळजवळ अर्धा मिलिमीटर मोकळं. जन्मभर ज्या फटीसाठी तिनं लोकांची कामं परत केली, तिच्या दुप्पट फट तिनं स्वतःच्या हातानं, माप घेऊन ठेवली. हाताला ते इतकं खुपलं की तिनं मध्ये दोनदा पटाशी खाली ठेवली. मग सगळ्या गुंड्यांना नुसतं मेण चोळलं, शनिवारी सकाळी झाकण बसवलं आणि हवा दमट असतानाच पाचही गुंड्या फिरवून पाहिल्या. फिरल्या.

रविवारी भाचा आला तो मोठी रिकामी बॅग घेऊन. वाईट मुलगा नव्हता. बॅग दाराआड ठेवली, दिसू नये म्हणून. पण दादाला कडेचंच दिसायचं, त्यामुळे त्याला आधी बॅग दिसली आणि मग मुलगा. भाच्यानं पेटीवरून हात फिरवला. छान झालीय आत्या, म्हणाला, मऊ लागतं हाताला. दातेरी चाक आपलं आहे हे कळल्यावर तो कसनुसा हसला. मग म्हणाला, मी खाली जाऊन उभा राहतो, बाबा, पाच मिनिटांत मला फोन लावा.

तो खाली गेला. दादा चहा पीत बसला. दोन मिनिटं गेली. पावमिलीनं लाव म्हटलं, तो हलला नाही. तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं कप बशीत ठेवला, नीट, मधोमध. पाचची सात मिनिटं झाली आणि जिन्यावर पावलं वाजली. भाच्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट तो थकलेला दिसत होता. तो आत गेला आणि कपाटातून दादाचे शर्ट काढायला लागला.

"दादा," ती म्हणाली. "माझा जीव गेला रे यात. तुला जायचंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायचंस."

दादा उठला. भिंतीला हात लावत टेबलापाशी गेला. बोटं पुलीवरून गेली, झडपेच्या चाकावरून गेली, घंटेवरून गेली आणि दात्यांवर थांबली. टक्.

आतल्या खोलीत भाच्याचा खिसा वाजला. बाबा, मी इथेच आहे, तो आतून म्हणाला. दादानं मान वळवली नाही. फोन वाजत राहिला.

"उचल," पावमिली म्हणाली.

त्यानं उचलला.

"परीक्षा म्हणून लावायला सांगितलास, म्हणून नाही लावला," दादा पेटीत बोलला. बसका आवाज आधी इथून आला आणि मग आतल्या खोलीतून. "आता बोलायचंय म्हणून लावला. मी समोर बसून सांगतो तेव्हा तू आत्याकडे बघून उत्तर देतोस. तोंड दिसत नाही मला, पण मान कुठे वळली ते दिसतं. म्हणून फोनवर सांगतो. मी इथेच राहणार. पडलो तर लावीन. नाही पडलो तरी लावीन. तू उचलत जा."

आत भाचा एका हातात शर्ट आणि एका हातात फोन धरून उभा होता. तो बाहेर येऊ शकला असता, चार पावलांवर तर होता. तो आला नाही. फोन कानाला घट्ट लावून म्हणाला,

"उचलीन, बाबा."

"मग ठेवतो," दादा म्हणाला आणि त्यानं गुंडी उलटी फिरवली.

पावमिली आत गेली, भाच्याच्या हातातून शर्ट घेतले आणि एकेक करून कपाटात परत ठेवले.